सोमिल पंडिताचे अकरा भोपळे

पूर्वी अपरान्त देशात, समुद्राच्या काठी वसलेल्या करंजपट्टण नगरात सुयाम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका ब्राह्मणकुळात जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. तरुणपणी तो तक्षशिलेला जाऊन विद्या शिकून आला आणि राजाच्या वडिलांनी त्याला सागराध्यक्ष नेमले. समुद्रात कोणता जीव कुठे राहतो, केव्हा येतो, केव्हा जातो, हे पाहणे हे त्याचे काम. हे काम त्याने चाळीस वर्षे केले. ही गोष्ट घडली तेव्हा तो सत्तरीला टेकलेला होता.

लोकांना समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. सोमिलाला तो तसा दिसत नसे. जमिनीवर जसे देश असतात तसे पाण्याखालीही असतात, हे त्याने पाहून पाहून ओळखले होते. पावसाळ्यात तळाचे थंड पाणी वर येते, त्याच्या मागोमाग तारली माशांचे थवे येतात. कोळंबी लहानपणी खाडीतल्या तिवरांच्या मुळांत वाढते आणि मोठी झाली की बाहेरच्या समुद्राला लागते. मोत्याचा शिंपला खडक, स्वच्छ खारे पाणी आणि आठ-दहा पुरुष खोली मिळाल्याशिवाय जगत नाही. या देशांना तट नाहीत आणि वेशीही नाहीत, तरी कोणी कुठे राहायचे हे तिथे फार कडकपणे ठरलेले असते.

ही गोष्ट सोमिल राजसभेत चाळीस वर्षे सांगत आला होता. कोणी ऐकली नाही असे म्हणता येणार नाही. सगळ्यांनी ऐकली, माना डोलावल्या आणि नंतर आपल्याला हवे होते तेच केले.

राजाचा शिंपल्यांचा खडक नगरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर समुद्रात होता. त्या खडकावरचे शिंपले दरवर्षी कमी होत चालले होते. राजाच्या मोत्यांचा मक्ता श्रेष्ठी नंदिसेन याच्याकडे होता. आदल्या वर्षी त्याने यावर एक तोड काढली. नगराच्या दक्षिणेला तीन दिवसांच्या वाटेवर पुळिनद्वीप नावाचे बेट राजाच्याच सत्तेखाली होते आणि तिथल्या खडकावर शिंपले उदंड होते. नंदिसेनाने तिथून हजार जिवंत शिंपले आणवून राजवाड्यामागच्या खाडीत सोडले, म्हणजे महाराजांना ते सज्जातून पाहता येतील. पावसाळ्यात खाडीला गोडे पाणी आणि गाळ आला, आणि हजारच्या हजार शिंपले तोंडे उघडून मेले. त्यांचा वास राजवाड्यात महिनाभर होता.

"शिंपला म्हणजे मडकं नव्हे, इथून उचलून तिथे ठेवायला," असे सोमिलाने आधीच सांगितले होते. वास सुटल्यावर नंदिसेनाने सभेत त्यालाच विचारले, "पंडित, तुम्ही हे आधी का नाही बोललात?"

सोमिलाने त्या दिवशी उत्तर दिले नाही. घरी जाऊन त्याने ते उत्तर भिंतीला दिले.

पुढच्या शरदात नंदिसेन नवी तोड घेऊन आला. लोखंडाची मोठाली दंताळी घडवायची, ती जहाजांच्या मागे बांधायची आणि पुळिनद्वीपाचा खडक एका हंगामात खरवडून काढायचा.

"तिथे लाखांनी शिंपले आहेत, महाराज," तो म्हणाला. "बेटावरची चाळीस घरं बुड्या मारून हाताने एकेक काढतात. तेही खडकाचा मधला भाग सोडून. का, तर म्हणे मधे शिंपल्यांच्या म्हाताऱ्या राहतात, त्यांना हात लावायचा नाही. महाराजांचे मोती म्हाताऱ्यांपायी अडून राहिलेत."

सभा हसली. सोमिल हसला नाही.

"महाराज, त्या म्हाताऱ्या आपल्या खडकाच्या आया आहेत असं मला वाटतं."

"वाटतं," नंदिसेन म्हणाला.

"शिंपल्याचं पिल्लू जन्मल्याबरोबर खडकाला चिकटत नाही," सोमिल राजाकडे पाहून म्हणाला. "दहा-वीस दिवस ते पाण्यात वाहत असतं, मोहरीपेक्षा बारीक. मार्गशीर्षात समुद्राचं पाणी दक्षिणेकडून उत्तरेला वाहतं. मी आपल्या खडकाजवळ काथ्याच्या दोऱ्यांना करवंट्या बांधून सोडतो. त्यांच्यावर नवे शिंपले धरतात ते मार्गशीर्षात आणि पौषात. बाकीच्या महिन्यांत एकही नाही. तेव्हा ते दक्षिणेकडून येत असणार."

"म्हणजे पुळिनद्वीपाची पोरं आपल्या खडकावर येऊन राहतात," राजा म्हणाला.

"असं वाटतं."

"मग आपल्या खडकाची पोरं कुठे जातात?"

"उत्तरेला. सौवीरांच्या समुद्रात."

"सौवीरांच्या? फुकट?"

"समुद्रात जकातनाका नाही, महाराज."

राजाने कपाळाला हात लावला. आपण राखलेल्या खडकाची पिल्ले शेजारच्या राजाकडे जातात, हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते. खरे तर सोमिलाने तीनदा सांगितले होते.

"हे सिद्ध करून दाखवा," राजा शेवटी म्हणाला. "पुळिनद्वीपाचं पाणी आपल्या खडकावर येतं असं दाखवलंत, तर त्या बेटाला मी हात लावणार नाही. नाही दाखवलंत, तर दंताळी जातील."

सोमिलाने चाळीस वाळलेले भोपळे घेतले, त्यांची तोंडे लाखेने बंद केली आणि त्यावर राजाची मत्स्यमुद्रा उठवली. पुळिनद्वीपाच्या शिंपल्यांनी पिल्ले सोडली, त्याच दिवशी बेटाच्या म्होरक्याने, वालुकाने, ते भोपळे खडकावरच्या पाण्यात सोडले. राजाच्या खडकावर सोमिलाने एक होडी नांगरून ठेवली. तिच्यातल्या पहारेकऱ्यांनी मुद्रेचा भोपळा दिसला की उचलायचा, एवढेच काम.

महिनाभरात त्यांना अकरा भोपळे सापडले.

सभेत ते ओळीने मांडले तेव्हा नंदिसेनाला बोलायला जागा उरली नाही. राजाने आपल्या गळ्यातला मोत्यांचा सर काढून सोमिलाच्या गळ्यात घातला. वालुक कर घेऊन नगरात आलेला होता. तो दरवाजापाशी बसून रडला. नंतर सुकवलेल्या माशांची एक मोट सोमिलाच्या ओसरीवर ठेवून म्हणाला, "पंडितबाबा, आमच्या चाळीस घरांच्या चुली तुमच्यामुळे राहिल्या. याहून दुसरं काही नाही आमच्याकडे द्यायला." चाळीस वर्षांत सोमिलाचे म्हणणे प्रथमच कोणीतरी मानले होते. त्याला त्या रात्री चांगली झोप लागली.

आठ दिवसांनी तो तारलीचा हंगाम पाहायला खारवली गावी गेला. हे कोळ्यांचे गाव नगराच्या दक्षिणेला, एका दिवसाच्या वाटेवर. तिथे एका झोपडीच्या अंगणात पुन्नी नावाची म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर एक वाळलेला भोपळा होता, आणि ती त्याला हळद लावीत होती. भोपळ्याच्या तोंडावर लाख होती. लाखेवर मत्स्यमुद्रा होती.

"आजीबाई," सोमिल म्हणाला, "हा कुठून आणलात?"

"आजी कुणाची? तुमच्याच वयाची आहे मी," पुन्नी म्हणाली. "आणीन कशाला? आला. पुळणीवर पडला होता. पंधरावा."

"पंधरावा."

"चौदा आधी आले. बाबा, जरा सरका, माझ्या उजेडात उभे आहात."

सोमिल सरकला. "त्या चौदांचं काय केलंत?"

"काय करणार? सोडले परत. राजाचा छाप आहे वर, दिसत नाही? राजाने काही नवस बोलून सोडलं असणार आणि समुद्राने फेकून दिलं. फेकलेला नवस काठावर पडून राहिला तर देणाऱ्याच्या घरात मूल टिकत नाही. आमच्याकडे रीत आहे. ज्याला सापडेल त्याने उचलायचा, हळद लावायची, आणि देणाऱ्याची माणसं पाण्यात जिथे उभी असतील तिथवर नेऊन परत सोडायचा."

"जिथे उभी असतील तिथवर," सोमिल हळूच म्हणाला.

"राजाची होडी नाही का महिनाभर नांगरलेली त्या खडकावर? तिथे. उजाडता उजाडता जायचं, त्यांच्या जरा दक्षिणेला सोडायचा, म्हणजे वाहत त्यांच्याकडे जातो. आणि जिभेवर आणायचं नाही. नवसाचं बोललं की नवस गेला. आता तुम्ही खोदून विचारलंत म्हणून सांगितलं. हा पंधरावा तुमच्यापायी वाया गेला बघा."

सोमिल अंगणात खाली बसला.

"म्हणजे होडीतल्या लोकांना मिळाले ते अकराच्या अकरा तुम्ही नेऊन टाकलेले."

"अकरा? चौदा टाकले मी. तीन कुठे गेले? झोपा काढत असतील मेले."

"बाई, हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? राजाला नात झालीय म्हणतात. एवढंसं लेकरू. चौदा खेपा मारल्या मी, या गुडघ्यांनिशी. एक सुका बोंबीलसुद्धा मागितला नाही कुणाकडे."

या म्हातारीवर ओरडावे असे सोमिलाला फार वाटत होते आणि ओरडायला जागा सापडत नव्हती. तिने एका परक्या तान्ह्या मुलीसाठी समुद्रात चौदा खेपा मारल्या होत्या. मूर्खपणा झाला होता तो दुसऱ्याच कोणाचा. वारे, भरती, ऋतू, चंद्राच्या कला, सगळ्यांचा हिशेब धरणाऱ्या त्या पंडिताने एक प्रश्न मनात आणला नव्हता. काठावर माणसे राहतात आणि भोपळा काठाला लागला तर ती त्याचे काहीतरी करतील, हे तक्षशिलेत कोणी शिकवले नव्हते आणि त्यालाही सुचले नव्हते.

परतीच्या वाटेवर तो स्वतःशी भांडत चालला. हे कोणालाही कळणार नव्हते. पुन्नी नवसाचे बोलणार नव्हती. तो खोटे बोललाच नव्हता, आता नुसते गप्प राहायचे होते. गप्प राहिले की चाळीस घरे वाचत होती. आणि आपले म्हणणे मुळात खरेच असले तर? पुरावा गेला म्हणून गोष्ट खोटी होत नाही. असे तो नगराच्या वेशीपर्यंत स्वतःला सांगत आला. वेशीपाशी त्याला दुसरी बाजू दिसू लागली. आपले म्हणणे खोटे असले तर? आपल्या खडकाची आई दुसऱ्याच कोठल्या खडकावर असेल, आणि पुळिनद्वीप राखल्याच्या समाधानात आपण तिला कधी शोधणारच नाही. जो समुद्र आपल्याला हवा तसा आहे असे मानायचे ठरवले, त्या समुद्राचा अध्यक्ष नंदिसेनही होऊ शकतो. त्यासाठी चाळीस वर्षे घालवायची गरज नव्हती.

तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. त्याला जेवण गेले नाही. चौथ्या दिवशी मोत्यांचा सर घेऊन तो सभेत गेला आणि घडले ते सगळे सांगितले. वालुक अजून नगरात होता, तोही दरवाजापाशी उभा राहून ऐकत होता.

मग नंदिसेन म्हणाला, "म्हणजे महाराजांनी राज्याचा निर्णय खारवलीच्या एका म्हातारीच्या सल्ल्याने घेतला."

कोणीतरी हसले.

"पंडित," राजा म्हणाला, "हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"कारण ते तसं झालं, महाराज."

"मी सुखात होतो. बेट राहिलं होतं, तुम्ही आनंदात होता, हा नंदिसेन गप्प होता. असं आठ दिवस माझ्या राज्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. चूक तुमची आणि डोकं दुखायचं माझं. मग आता काय म्हणणं आहे तुमचं? येतं की नाही ते पाणी?"

"येत असावं असं मला अजून वाटतं. पण माझ्या हातात काही नाही. एवढंच सांगू शकतो की माझं खरं असेल आणि आपण तो खडक खरवडला, तर दोन्ही खडक जातील आणि ते परत येणार नाहीत. माझं खोटं असेल आणि आपण थांबलो, तर एका वर्षाचे मोती जातील."

राजाने नंदिसेनाकडे पाहिले. "दंताळी केव्हा तयार होतात?"

"पौषाच्या अखेरीस."

"तोवर पंडितांना मोकळीक. अमावास्येनंतर चार दिवस मी वाट पाहीन. पुढे नाही."

सोमिलाने सर सिंहासनाच्या पायरीवर ठेवला. राजाने तो उचलला नाही आणि परत घ्या असेही म्हटले नाही.

बाहेर वालुक उभा होता. तो रागावला असता तर सोमिलाला बरे वाटले असते. "पंडितबाबा," तो म्हणाला, "एक महिना थांबला असतात, तर हंगाम निघून गेला असता." एवढे बोलून तो आपल्या होडीकडे गेला.

दुसऱ्याच दिवशी तो खारवलीला गेला. नवे भोपळे सोडायचे, आणि या वेळी किनाऱ्यावरच्या एकाही माणसाने त्यांना हात लावायचा नाही, हे त्याला गावकऱ्यांना समजावून सांगायचे होते. त्याने ते समजावले. हे नवस नाहीत, समुद्र मोजायची साधने आहेत, असे त्याने तीन वेळा, निरनिराळ्या शब्दांत सांगितले. गावकऱ्यांनी माना डोलावल्या. तशा डोलावलेल्या माना सोमिलाने राजसभेत चाळीस वर्षे पाहिल्या होत्या.

पुन्नी जाळे विणीत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे पाणी कुठे जातं ते बघायचंय तुम्हाला?"

"हो, बाई. एवढंच."

"मग भोपळा कशाला सोडता?"

"म्हणजे काय?"

"भोपळा वाऱ्याचा. दुपारचा वारा काठाकडे असतो या दिवसांत, तो काठालाच येणार. चाळीस सोडा नाहीतर चारशे. माझ्या पुळणीला लागतील नाहीतर शेजारच्या गावाला." तिने जाळ्याची वरची कड एका हातात आणि खालची दुसऱ्या हातात धरली. "हे पाण्यात टाकलं की वरची लाकडं काठाकडे ओढ घेतात. खालचे दगड सरळ उत्तरेला जातात. या महिन्यात असं जाळं तिरकं होतं, म्हणून आम्ही दोन माणसं जास्त घेतो. तुमची पिल्लं वर तरंगतात की खाली?"

"खाली," सोमिल म्हणाला. "दिवसा तरी खालीच असतात. चार-पाच पुरुष खोल." हे त्याला वीस वर्षांपासून ठाऊक होते. करवंट्याही तो तेवढ्याच खोल बांधीत असे.

"मग वरच्या भोपळ्याला विचारून काय उपयोग?"

सोमिल म्हणाला, "बाई, तुम्ही हे आधी का नाही बोललात?"

तोंडातून शब्द गेल्यावर त्याला ते ओळखीचे वाटले. हे वाक्य त्याला कोणी आणि कोणत्या वासात विचारले होते ते आठवून त्याचे कान तापले.

"विचारलंत कधी तुम्ही?" पुन्नी म्हणाली. "तुम्ही येता ते सांगायला येता."

त्यानंतरचे तीन दिवस सोमिलाने तिच्या अंगणात काढले. पुन्नीला एक गोष्ट विचारली की ती चार सांगत असे. त्यांतल्या दोन तिच्या सुनेबद्दल असत आणि एक सुनेच्या आईबद्दल. सोमिल जिवावर उदार होऊन सगळ्या ऐकत असे, कारण चौथी कामाची असे. चौथीतून शेवटी असे ठरले. मातीचे पाच रिकामे घट घ्यायचे. प्रत्येकाच्या तोंडाला काथ्याची दोरी बांधून तो पाण्याने भरून चार पुरुष खोल लोंबकळत सोडायचा, आणि दोरीच्या वरच्या टोकाला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा लहानसा तुकडा बांधायचा. तुकडा एवढा लहान की वाऱ्याला धरायला काही मिळू नये. आणि या वेळी घट सोडून देऊन वाट पाहायची नाही. प्रत्येकामागे एक होडी ठेवायची.

"आणि प्रत्येक होडीत श्रेष्ठींचा एक माणूस," सोमिल म्हणाला.

"तो कशाला? खाण्यापिण्याला भार," पुन्नी म्हणाली.

"मी चुकलो तर सांगायला."

पौषात पुळिनद्वीपाच्या शिंपल्यांनी दुसऱ्यांदा पिल्ले सोडली. त्या दिवशी पाच घट पाण्यात सोडले गेले. सोमिल पहिल्या होडीत होता आणि सुकाणूवर पुन्नी होती. तिने ही खेप दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. सत्तरीचा पंडित नऊ दिवस समुद्रात होता आणि त्यातले सहा दिवस त्याला ओकाऱ्या होत होत्या. चाळीस वर्षे सागराध्यक्ष असून तुम्हाला होडी सोसत नाही, याचे पुन्नीला फार नवल वाटले. ती ते नवल दर घटकेला बोलून दाखवीत असे. नंदिसेनाचा माणूस पहिले दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवशी त्यालाही ओकारी झाली आणि होडीत जरा समजूतदारपणा आला.

दुपारी वारा सुटला की लाटांचा फेस काठाकडे धावे. पांगाऱ्याचा तो तुकडा मात्र फेस कापीत, हळूहळू, उत्तरेकडे सरकत राही, जणू खालून कोणी त्याला हाताला धरून नेत होते. आपल्याला हवे तेच दिसत आहे म्हणून सोमिलाला भीती वाटे. मग तो नंदिसेनाच्या माणसाला विचारी, "तुला काय दिसतं?" माणूस म्हणे, "उत्तरेला चाललंय." सोमिल म्हणे, "पुन्हा बघ."

अमावास्येनंतर चौथ्या दिवशी सोमिल सभेत उभा राहिला. त्याला जमीन अजून हलत असल्यासारखी वाटत होती. दंताळी लादलेली तीन जहाजे बंदरात तयार होती.

"काय निघालं?" राजाने विचारले.

"पाचांपैकी दोन घट आपल्या खडकावरून गेले, महाराज. एक नवव्या दिवशी सकाळी, दुसरा त्याच दिवशी दुपारी."

"पाचात दोन," नंदिसेन म्हणाला. "मागच्या वेळी निदान अकरा होते."

"बाकीचे तीन?" राजाने विचारले.

"एकाची दोरी कोणत्यातरी मोठ्या माशाने तोडली. दुसरा पाचव्या दिवसापासून खोल समुद्राकडे वळला, होडी फार लांब जाऊ लागली म्हणून परत बोलावली. तिसरा धुक्यात हरवला. तो कुठे गेला ते मला माहीत नाही."

"तुमचा माणूस काय म्हणतो, नंदिसेन?"

नंदिसेनाने आपल्या माणसाकडे पाहिले. माणूस जमिनीकडे पाहत म्हणाला, "पंडित सांगतात तसंच झालं, महाराज. ते आम्हाला पुन्हा पुन्हा बघायला लावत होते. कंटाळा आला अगदी."

"मग पंडित, आपल्या खडकाची आई पुळिनद्वीप, असं म्हणू?"

"एक आई म्हणा, महाराज. दुसऱ्याही असतील. त्या मला माहीत नाहीत."

"माहीत नाही," राजा म्हणाला. हा शब्द त्याने थोडा वेळ तोंडात घोळवला. मग तो नंदिसेनाकडे वळला. "नंदिसेन, तुम्ही माझ्याकडे बारा वर्षं आहात. या बारा वर्षांत तुम्हाला कधी एखादी गोष्ट माहीत नव्हती असं झालंय का?"

नंदिसेनाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "नाही, महाराज."

"मलाही तसंच वाटलं," राजा म्हणाला. "ते अकरा भोपळे घेऊन पंडित आले तेव्हा मी ते मोजले. आज हे दोन घट मी मोजत नाही. ज्या माणसाने स्वतःचे अकरा भोपळे माझ्यासमोर फोडले, त्याचे हे दोन आहेत. जहाजं रिकामी करा."

पुळिनद्वीपाचा खडक राहिला. बेटावरच्या लोकांप्रमाणे राजाच्या खडकाचाही मधला भाग कोणी हात न लावता सोडावा, अशी आज्ञा निघाली आणि सहा वर्षांत तिथे पुन्हा दाट शिंपले झाले. त्यांची पिल्ले दर मार्गशीर्षात सौवीरांच्या समुद्राकडे जात राहिली. हे राजाला शेवटपर्यंत बोचत होते आणि अधूनमधून तो सोमिलाला विचारी, यावर खरेच काही करता येणार नाही का. सोमिल दरवेळी नाही म्हणे. वालुक वर्षातून एकदा सुक्या माशांची मोट ठेवून जाई, पण पूर्वीसारखा ओसरीवर बसत नसे.

भगवान शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात सांगितली, तेव्हा समोर एक वृद्ध भिक्षू मान खाली घालून बसला होता. सूत्रपठणात आपण एक ओळ वर्षानुवर्षे चुकीची शिकवली, हे त्याला आदल्या दिवशी कळले होते आणि शिष्यांना ते कसे सांगावे हे त्याला कळत नव्हते. शास्ते त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुयाम राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. ज्याला कोणताही प्रश्न विचारला तरी उत्तर येतेच असा एक भिक्षू तुमच्यात आहे, तो त्या वेळी नंदिसेन होता. त्याचे नाव मी सांगत नाही, तो आताही होकारार्थी मान डोलावतो आहे. वालुक होता तो आज संघाला मीठ पुरवणारा उपासक. तुम्ही वाळत घातलेली स्वच्छ चीवरे मळलेली समजून जी पुन्हा धुऊन ठेवते, आणि जिच्यावर तुम्ही रोज वैतागता, ती उपासिका पुन्नी होती. आणि सोमिल पंडित मीच होतो. त्या जन्मी माझी क्षांती, म्हणजे सहनशीलता, फार थोडी होती. ती पुढे पुष्कळ जन्मांनी पिकली. पण आपला पुरावा आपल्याच हाताने मोडण्याची वेळ आली आणि मोडला तर दुसऱ्यांचे घर जाईल हे दिसत होते, तेव्हाही मी तो मोडला. यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."

वृद्ध भिक्षू उठला आणि शिष्यांना शोधायला गेला.